चुकायचंच असेल तर आधी माशावर

१९९८ च्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या पहाटे, कुणीतरी माझ्या दवाखान्याचं शटर हातानं बडवत होतं. मी वरच्याच मजल्यावर राहते. खाली येऊन शटर उचललं तर एक बाई उभी. केस ओले, गळ्यात तुळशीची माळ, आणि हातांत टॉवेलात गुंडाळलेलं सात महिन्यांचं बाळ. बाळाचा डावा हात आणि डावा पाय ठरावीक लयीत उडत होता, डोळे एका बाजूला लागले होते. टॉवेलला उटण्याचा वास येत होता. "सणाचं म्हणून पाणी जरा कडक घेतलं, मॅडम," एवढंच ती बोलली. फिट थांबेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती.

मी कऱ्हाडमध्ये १९९१ पासून लहान मुलांची डॉक्टर आहे. त्या बाळाला इथं समीर म्हणते. त्याचं नाव वेगळं आहे. पुढच्या वर्षभरात समीर वारंवार आला. साधी सर्दी झाली, अंग जरा कोमट झालं की फिट. कधी डावं अंग उडायचं, कधी उजवं. त्रिगुणी लशीच्या दुसऱ्या दिवशी ताप आला आणि फिट आली, तेव्हा आजीनं लशीवर आणि माझ्यावर दोष ठेवला. आई मात्र कुणालाच काही म्हणाली नाही. तिनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं फुल्या मारायला सुरुवात केली. एक फिट, एक फुली, शेजारी मिनिटं. अमावास्येला जास्त येतात असं घरचे म्हणत होते, ते खरं की खोटं हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सातवी शिकलेली बाई. तिच्या फुल्यांनी वर्षभरात सिद्ध केलं की अमावास्येचा काही संबंध नाही, तापाचा आहे, आणि गरम पाण्याचा आहे.

एका अंगाची फिट म्हणून मी १९९९ मध्ये कार्बामॅझेपिन सुरू केलं. तेव्हा पाठ्यपुस्तकात तसंच होतं. दोन महिन्यांनी आई कालनिर्णयचं पान फाडून घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, गोळी सुरू केल्यापासनं फुल्या वाढल्यात." मी पान पाहिलं. फुल्या वाढल्या होत्या. मी डोस वाढवला. आणखी महिन्यानं पुन्हा तेच, आणि मी पुन्हा डोस वाढवला. आजार जोर धरतोय, औषध कमी पडतंय, असा माझा हिशेब होता. आठ महिने हे चाललं. शेवटी दीड तास न थांबलेल्या एका फिटनंतर समीरला पुण्याला हलवलं. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कार्बामॅझेपिन बंद केलं, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम दिलं. पुढच्या महिन्याच्या पानावर चारच फुल्या होत्या.

समीरला ड्राव्हे सिंड्रोम आहे. फ्रान्सच्या शार्लोट ड्राव्हे या डॉक्टरांनी १९७८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्याच्यामागे बहुतेक वेळा एससीएन१ए हे एकच जनुक असतं, हे २००१ मध्ये कळलं. समीरची तपासणी झाली २०१४ मध्ये, त्याच्या वडिलांचा भिशीचा नंबर लागला तेव्हा. या जनुकावरून पेशीच्या भिंतीतला सोडियमचा एक दरवाजा तयार होतो. त्याची सगळ्यात जास्त गरज असते ती मेंदूतल्या ब्रेक लावणाऱ्या पेशींना. दरवाजा निकामी, म्हणजे ब्रेक सैल. आमच्या भागात ऊस भरलेली ट्रॉली उतारावर सुटली तर काय होतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. आणि कार्बामॅझेपिन काय करतं? सोडियमचे उरलेसुरले दरवाजेही अडवतं. सैल झालेला ब्रेक मी आठ महिने आणखी सैल करत होते. याच जातीच्या लॅमोट्रिजिननं या मुलांच्या फिट्स वाढतात असा निबंध १९९८ मध्येच छापून आला होता. तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता. आईच्या फुल्या पोचल्या होत्या, पण त्या वाचण्याची अक्कल मला नव्हती.

हे इतकं सविस्तर सांगते आहे कारण आज मला ज्याची बाजू घ्यायची आहे, तो चार मिलिमीटरचा एक मासा आहे, आणि त्याची बाजू या कालनिर्णयच्या पानाशिवाय समजणार नाही.

जगात सुमारे पाच कोटी माणसांना अपस्मार आहे, आपल्या देशात अंदाजे एक कोटींना. योग्य औषध मिळालं तर दहातल्या सातांच्या फिट्स थांबू शकतात. उरलेल्या तिघांचं काय करतो आपण? एक औषध देतो, तीन महिने बघतो. मग दुसरं जोडतो, पुन्हा बघतो. मग तिसरं. हे सगळं बघणं मुलाच्या अंगावर चालतं. त्या काळात मूल चालायला शिकत असतं, बोलायला शिकत असतं, आणि प्रत्येक लांबलेली फिट त्यातलं काही ना काही मागे नेते. कुठलं औषध चालेल हे शोधताना चुका होणारच. त्या कुणाच्या अंगावर व्हाव्यात, हा माझा प्रश्न आहे.

माझी भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत झेब्राफिशवर काम करते. गेल्या जूनमध्ये मी तिच्याकडे दोन दिवस राहिले आणि तिच्यासोबत सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत गेले. खोलीत शिरलं की आधी पंपांचा आवाज, मग ओलसर ऊब. पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवलेलं असतं. कपाटासारख्या मांडण्यांवर टाक्यांच्या ओळी, आणि त्यांत बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे आडवे पट्टे असलेले मासे. मत्स्यालयाच्या दुकानात तुम्ही ते नक्की पाहिलेत. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एका छोट्या डब्यात, मध्ये पारदर्शक पट्टी घालून वेगळे ठेवलेले. सकाळी दिवे लागले, भाचीनं पट्टी काढली. अर्ध्या तासाच्या आत डब्याच्या जाळीखाली खसखशीसारखा थर जमला. जाळी एवढ्यासाठी, की आईबाप आपलीच अंडी खातात. एक मादी एका वेळेला शे-दोनशे अंडी देते, आणि आठवड्याभरात पुन्हा द्यायला तयार होते.

मग तिनं मला आदल्या दिवशीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मी हजारो बाळांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आहे, पण हृदय पहिल्यांदा धडधडायला लागताना कधी पाहिलं नव्हतं. काचेसारखं अंग, त्यात एक नळी, आणि ती नळी आकसत होती. जेमतेम चोवीस-पंचवीस तासांचा जीव. तिसऱ्या दिवसापर्यंत ही पिल्लं अंड्याबाहेर येतात. सातव्या दिवशी त्यांच्या मेंदूत लाखभर पेशी असतात आणि कवटीतून आरपार दिसतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जेनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स आणि फिलिप केलर यांनी अशा पिल्लाच्या मेंदूतल्या ८० टक्क्यांहून जास्त पेशींचं काम, एकेक पेशी सुटी दिसेल अशा रीतीनं टिपलं. पेशी चेतली की चमकेल अशी जनुकीय सोय त्या माशांत केलेली होती. माणसाच्या मेंदूत फिट कुठून सुरू होते हे शोधायला आम्ही डोक्याला तारा चिकटवतो आणि कवटीबाहेरून कानोसा घेतो.

दुपारी भाचीनं सात दिवसांची पिल्लं एका प्लास्टिकच्या ताटलीत घेतली. बारा गुणिले आठ, शहाण्णव वाट्या. प्रत्येकीत थेंबभर पाणी आणि एक पिल्लू. तिनं काही वाट्यांत पेंटिलीनटेट्राझोल सोडलं. हे औषध मेंदूतला ब्रेक अडवतं. १९३० च्या दशकात हंगेरीतल्या मेडुना नावाच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मुद्दाम झटके आणायला हेच वापरलं होतं. माणसांवर. हे मला त्या क्षणी आठवलं आणि पुढे दिवसभर आठवत राहिलं.

"मावशी, तिसऱ्या ओळीतलं बघ," ती म्हणाली. पिल्लू आधी इकडून तिकडे बाणासारखं पळू लागलं. मग वाटीच्या कडेनं गोल गोल, भोवऱ्यासारखं. मग एकदम अंग ताठ, झटके, आणि ते कुशीवर पडलं. तरंगत राहिलं. मी घड्याळ पाहिलं होतं. फिट दिसली की घड्याळ बघायचं, ही पस्तीस वर्षांची सवय.

नुसतं पळणं, गरगरणं म्हणजे फिट नव्हे. मासा घाबरला तरी पळतो. म्हणून तिनं दुसरं पिल्लू आगरच्या जेलीत अडकवून त्याच्या मेंदूत केसाहून बारीक काचेची नळी घातली आणि पडद्यावर विजेची रेघ दाखवली. त्या रेघेवर मी काही बोलले नाही. असे उंच टोकदार सुळके मी समीरच्या ईईजीच्या कागदावर बघितले होते.

या पद्धतीचा पाया सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्कॉट बाराबान यांनी २००५ मध्ये घातला. मी पाहिलेल्या त्या तीन पायऱ्या त्यांनीच मांडल्या. पण माझ्या दृष्टीनं खरं मोलाचं काम त्यांनी २०१३ मध्ये छापलं. समीरचं जे जनुक बिघडलं आहे, त्याचा भाऊबंद माशातही आहे. तो बिघडलेले मासे आधीच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत सापडले होते, डोळ्यांच्या हालचाली तपासताना. या पिल्लांना कुठलंही औषध न घालता आपोआप फिट्स येतात. बाराबान यांच्या गटानं आधी त्यांना नेहमीची औषधं दिली. व्हॅल्प्रोएट, डायझेपाम, ब्रोमाइड, स्टिरिपेंटॉल यांनी फिट्स कमी झाल्या. भरपूर चरबी आणि नाममात्र पिष्ट असा कीटोजेनिक आहार आम्ही मुलांना देतो, त्याचाही उपयोग झाला. कार्बामॅझेपिनचा झाला नाही.

ही यादी मी भाचीच्या टेबलावर बसून दोनदा वाचली. समीरच्या आईचं १९९९ सालचं कालनिर्णय आणि ही यादी एकच गोष्ट सांगत होती. फरक एवढाच, की माशाच्या वाटीत ती कळायला काही दिवस लागतात आणि मला समीरवर आठ महिने लागले. शिवाय वाटीतल्या माशाला गमवायला बोलणं नव्हतं. समीर तेव्हा 'आई' आणि 'पाणी' म्हणत होता. 'पाणी' गेलं.

मग त्याच गटानं ३२० औषधं या पिल्लांवर एकापाठोपाठ तपासली. त्यांतून क्लेमिझॉल नावाचं एक जुनं, बाजूला पडलेलं ॲलर्जीवरचं औषध वर आलं. ते सोडियमच्या दरवाजांना हात लावत नाही, सेरोटोनिनच्या वाटेनं काम करतं. ३२० औषधं उंदरांवर तपासायची म्हटली तर किती उंदीर, किती वर्षं, किती पैसा याचा विचार करा. मुलांवर तर विचारही नको. साधारण त्याच सुमारास बेल्जियममध्ये उलट्या दिशेनं तसंच घडलं. वजन कमी करण्याचं फेनफ्लुरामीन हे औषध हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून १९९७ मध्ये बाजारातून काढून टाकलं होतं. तिथले डॉक्टर मात्र ते अगदी कमी मात्रेत ड्राव्हेच्या काही मुलांना देत होते, आणि फिट्स थांबत होत्या. ल्यूव्हेनच्या संशोधकांनी ते ड्राव्हेच्या माशांवर तपासलं; तिथंही फिट्स कमी झाल्या. २०२० मध्ये अमेरिकेनं ते ड्राव्हेसाठी मंजूर केलं. तिथं आधी मुलं आणि मग मासे. पण दोघांनी एकच सांगितलं, आणि माझ्यासारख्या डॉक्टरला विश्वास बसायला तेवढं पुष्कळ आहे.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण माझ्याकडे आईबाप मोबाइलवरच्या बातम्या घेऊन येतात. 'माशावर सापडलं फिटचं औषध' असं वाचून मुलाचं चालू औषध बंद करू नका. माशावर चाललं म्हणजे मुलावर चालेल असं नाही. क्लेमिझॉलचा निबंध २०१३ चा. मुलांवरच्या चाचण्यांचा तिसरा टप्पा गाठायला त्याला दहा वर्षांच्या आसपास लागली. त्याच माशांतून पुढे आलेलं लॉर्कासेरिन हे औषध मोजक्या मुलांना दिलंही गेलं, आशा दिसली, आणि २०२० मध्ये कर्करोगाच्या शंकेवरून ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं. माशाला आपल्यासारखं मेंदूचं वरचं आवरण नाही. समीरच्या जनुकाची एकच प्रत बिघडली आहे. माशात दोन्ही बिघडवाव्या लागतात, आणि ती पिल्लं बारा दिवसांच्या पलीकडे जगत नाहीत. बाराबान यांच्याच गटानं पुढे मुलांच्या अपस्माराशी जोडलेली सुमारे चाळीस जनुकं माशांत बिघडवून पाहिली, तर त्यांतल्या बहुतेकांत आपोआप फिट्स आल्याच नाहीत. ही कुठल्याही प्रतिकृतीची मर्यादा आहे. लेव्हेटिरासेटाम हे औषध आज मी रोज लिहून देते. उंदरांवरच्या ज्या दोन नेहमीच्या परीक्षांतून फिटची औषधं निवडली जायची, त्या दोन्हींत ते नापास झालं होतं.

मासा म्हणजे चाळणी आहे. तांदूळ शिजला की नाही हे चाळणी सांगत नाही. खडे मात्र काढते. माझ्या हातून समीरच्या ताटात खडा गेला होता.

या माशाचं नाव डॅनिओ रेरिओ. डॅनिओ हा शब्द बंगालीतल्या 'धानी'वरून आला, म्हणजे भातखाचरातला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी कोसी नदीतल्या या माशाचं वर्णन १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात केलं. बिहार, बंगाल, आसामच्या उथळ पाण्यात तो आजही आहे. दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी तो दुकानातून आणून वाढवला आणि १९८१ मध्ये दाखवून दिलं, की या माशावर जनुकांचा अभ्यास करता येतो. १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनमधून आणि अमेरिकेतल्या बॉस्टनमधून त्याचे हजारो जनुकीय बदल एकदम जगापुढे आले. २०१३ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना माशात कुणी ना कुणी नातेवाईक आहे. आपल्या भातखाचरातला मासा जगभर फिरून आला. आता आपल्याकडेही मुंबईत, पुण्यात, हैदराबादमध्ये, बंगळूरमध्ये त्याच्यावर चांगलं काम चालतं. त्वचा, हृदय, पाठीचा कणा, हालचाल. माणसं हुशार आहेत, हात तयार आहेत.

नाही तो फक्त दुवा, त्या खोलीतल्या टाक्यांपासून कऱ्हाडच्या माझ्या टेबलापर्यंत.

सांगते कसा. मागच्या वर्षी माझ्याकडे दीड वर्षाची एक मुलगी आली. फिट्स, वाढ मागे. आईवडिलांनी कर्ज काढून जनुक-तपासणी केली. अहवाल आला: एका जनुकात एक अक्षर बदललेलं आहे, पण 'या बदलाचा अर्थ निश्चित नाही'. अहवालात हे वाक्य आलं की आम्ही डॉक्टर खांदे पाडतो. जगातल्या जनुकांच्या मोठ्या याद्या बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवरून केलेल्या आहेत, त्यामुळे आपल्या मुलांच्या अहवालांत हे वाक्य जास्त वेळा येतं. मुलीचे वडील मला विचारत होते, "मॅडम, पैसे भरले, मग 'निश्चित नाही' म्हणजे काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या भाचीकडे असू शकतं. तेच जनुक माशात असेल, तर तोच बदल तिथं करून त्याचा मेंदू कसा चालतो हे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बघता येतं. प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच असं नाही. पण आज कुणी विचारतसुद्धा नाही, कारण मी आणि ती मावशी-भाची आहोत म्हणूनच एकमेकींना ओळखतो. एरवी तालुक्याच्या डॉक्टरनं कुठल्या दारात जायचं?

म्हणून माझं म्हणणं सरकारी आरोग्य खात्याला आणि विज्ञानाला पैसा देणाऱ्यांना असं आहे. एक वर्षाच्या आतलं बाळ, ताप किंवा गरम पाणी, लांबलेली फिट, कधी डावं अंग कधी उजवं: एवढं दिसलं की त्या बाळाची जनुक-तपासणी सरकारी खर्चानं व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत सोडियमचे दरवाजे अडवणारं औषध हातात घेताना दहा वेळा विचार व्हायला हवा. जिल्हा रुग्णालयातल्या नव्या डॉक्टरला हे पहिल्याच महिन्यात शिकवा. ज्या अहवालांचा अर्थ लागत नाही ते धूळ खात ठेवण्याऐवजी आईवडिलांच्या संमतीनं राज्यातल्या मासेवाल्या प्रयोगशाळेकडे जाऊ देत. त्यासाठी नवी इमारत नको. चार माणसांचा पगार, टाक्यांची एक मांडणी आणि पाच वर्षं मध्येच न थांबणारा निधी हवा. वर्षाच्या करारावर ठेवलेलं पोर सोडून गेलं की माशांच्या पिढ्या तुटतात; भाचीच्या डोळ्यांत मी ते पाणी पाहिलं आहे.

लशीबद्दलही एक सांगायचं आहे, कारण समीरच्या आजीचा राग मी विसरलेली नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लशीनं मेंदू बिघडला असा ठपका असलेल्या १४ जणांची जनुकं तपासली. त्यांतल्या ११ जणांत हेच एससीएन१ए बिघडलेलं निघालं. लशीनं ताप आणला एवढंच. आजार जन्मापासून होता. हे आजीला सांगायला मी गेले तेव्हा त्या वारल्या होत्या.

भाचीकडून परत आल्यावर मी समीरच्या घरी गेले. तो आता सत्तावीस वर्षांचा आहे. गुडघ्यांत वाकून चालतो, दारातल्या खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो. फिट्स महिन्याला एक-दोन, बहुतेक झोपेत. मी त्याच्या आईला माशांबद्दल सांगितलं. सांगताना मला भीती वाटत होती. माळकरी घर, मासळीचा वासही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यास्नी बी ताप येतो व्हय?"

तिला काय बोलावं हे मला क्षणभर सुचलं नाही, कारण हाच प्रश्न बाराबान यांच्या प्रयोगशाळेनं २०१२ मध्ये विचारला होता. माशाला स्वतःचा ताप नसतो, पाण्याचं तापमान तेच त्याचं तापमान. त्यांनी पाणी गरम केलं, आणि पिल्लांच्या मेंदूत फिट उठली. मी तिला हे सांगितलं. ती समीरकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षांत तिनं त्याला गरम पाण्याची आंघोळ घातलेली नाही, दिवाळीतही नाही.

"आणि मग पुढं काय करत्यात त्यांचं?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. गुंगीचं औषध जास्त देतात, झोपवतात, ते उठत नाहीत, असं सांगितलं. पाच-सात दिवसांच्या पिल्लाला वेदना किती कळते यावर मतं अनेक आहेत, पण कळतच नाही असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं. प्रयोग करणाऱ्यांना समितीची परवानगी लागते, मासे किती लागणार हे आधी लिहून द्यावं लागतं. भाची तिच्या वहीत प्रत्येक वाटीचा हिशेब ठेवते.

"म्हंजी ती बी लिहून ठेवती," आई म्हणाली.

"हो. तुझ्यासारखंच."

बराच वेळ ती काही बोलली नाही. बरं केलं म्हणाली नाही, वाईट केलं म्हणाली नाही. खांद्यावरचा पदर सारखा करून उठली, शिडी लावून माळ्यावर चढली आणि धुळीनं भरलेला एक गठ्ठा खाली दिला. १९९८ पासूनची कालनिर्णयं, सुतळीनं बांधलेली. मधलं एक वर्ष वाळवीनं खाल्लं होतं. त्याबद्दल ती दोनदा हळहळली.

गठ्ठा मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. सुतळी सैल होती, म्हणून समीरच्या आईनं खिडकीतून हात घालून ती पुन्हा आवळून बांधली.